हिरव्या भिंतीखाली ‘डोंगर का पाणी’

‘डोंगर का पाणी’ खेळला आहात ना? ज्याच्यावर राज्य आहे त्याने ‘पाणी’ घेतलं, की ओटा, पायरी, कट्टा, मोठा दगड, जे जे उंच ते सगळे आपले डोंगर. डोंगरावर पाय असला की आपल्याला कुणी धरू शकत नाही. पण एकाच डोंगरावर हाताची घडी घालून उभं राहण्यात कसली आलीय मजा? खाली उतरायचं, राज्य असलेल्याला वेडावून दाखवायचं आणि त्याचा हात लागायच्या आत पलीकडचा डोंगर गाठायचा.

हाच खेळ मी गेल्या मे महिन्यात सदतीस हजार माणसं मावतील अशा एका मैदानावर पाहिला. खेळणारे होते पंचवीस-तीस वर्षांचे बाप्ये, आणि गाव होतं अमेरिकेतलं बॉस्टन!

आता तुम्ही म्हणाल, सातारा जिल्ह्यातल्या शाळेतल्या बाई बॉस्टनला कशा पोचल्या? माझी ताई तिथे असते. तिला दुसरं बाळ व्हायचं होतं, म्हणून आईला जायचं होतं. पण एकटीने विमानात बसायची आईला भीती. मग सुट्टी लागताच मी तिच्यासोबत निघाले. बाळ आलं, बारसं झालं, डिंकाचे लाडू करून झाले आणि मग माझ्याकडे काम उरलं ते एकच. अकरा वर्षांच्या भाचेबुवांना सांभाळायचं.

हे भाचेबुवा मोठे गोड, पण त्या दिवसांत सारखे गप्प गप्प असायचे. कारण ताईने सांगितलं. तो मुलांच्या बेसबॉल संघात होता आणि मार्चपासून त्याच्या बॅटला चेंडू म्हणून नीट लागला नव्हता. अंगाने बारीक, उंचीने कमी. भाऊजी क्रिकेटवेडे. मैदानाच्या कडेने ते ओरडायचे, “अरे बॅट फिरव की! बघत काय राहिलास?” मग हा आणखीनच आखडायचा. “मी फुकटच पळतो, मावशी,” असं तो मला एकदा म्हणाला. म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं नाही. कळलं ते फेनवे पार्कवर.

फेनवे पार्क हे बॉस्टनच्या ‘रेड सॉक्स’ संघाचं मैदान. अमेरिकेतल्या मोठ्या साखळी स्पर्धेची जी मैदानं आज वापरात आहेत, त्यांतलं हे सगळ्यांत जुनं. २० एप्रिल १९१२ रोजी इथे पहिला अधिकृत सामना झाला. टायटॅनिक जहाज बुडाल्याला तेव्हा पुरता एक आठवडाही झाला नव्हता, यावरून काळाची कल्पना करा. केनमोर नावाच्या स्टेशनवर गाडीतून उतरलो तर लाल-निळ्या टोप्यांचा लोंढाच. आपल्याकडे यात्रेला निघाल्यावर वाट विचारावी लागत नाही, गर्दीमागून चालत राहिलं की देऊळ येतंच, तसंच अगदी. जुन्या विटांच्या भिंती, अरुंद गल्ल्या, भाजलेल्या शेंगांचा वास. मे महिना असूनही संध्याकाळी गार वारं सुटलं होतं आणि मी साडीवर ताईचं जाड जाकीट चढवून, वर लाल टोपी घालून बसले होते. फोटो काढलाय, पण तो छापायला देणार नाही!

आत शिरल्यावर पहिली नजर जाते ती डावीकडच्या भिंतीवर. ३७ फूट २ इंच उंच, गर्द हिरवी. तिला लाडाने ‘हिरवा राक्षस’ म्हणतात. शहराचा रस्ता अगदी खेटून असल्याने मैदानाला तिकडे वाढायला जागाच नव्हती, म्हणून भिंत वर वाढली. एरवी जो फटका सीमेपार गेला असता, तो इथे भिंतीवर आदळून परत येतो. भिंतीच्या पोटात धावफलक आहे. त्यावरचे आकडे आजही माणसं हाताने बदलतात. मागच्या अंधाऱ्या, अरुंद जागेत ती बसलेली असतात. मला ते फार आवडलं. आमच्या शाळेचा फलकही गॅदरिंगच्या सामन्यात असाच चालतो, फक्त मागे राक्षस नसतो.

आमची जागा मात्र पहा. लाकडी, निळी, जुनी खुर्ची, आणि समोर लोखंडी खांब! जुन्या बांधणीत छपराला असे खांब आहेत. खांबाच्या बरोब्बर मागे पिचर लपला होता. पिचर म्हणजे आपला गोलंदाज. मी डावीकडे वाकले तर शेजारच्या आजोबांच्या खांद्यावर, उजवीकडे वाकले तर भाचेबुवांच्या शेंगांवर. शेवटी नाद सोडला. पहिला बेस मात्र अगदी स्वच्छ दिसत होता. मग मी ठरवलं, आज आपण तेवढंच बघायचं. पहिल्या बेसवर कोण, कसा येतो!

हे फार बरं झालं. कारण बेसबॉलची सगळी गंमत तिथेच आहे.

थोडी ओळख करून देते. मैदानाचा एक कोपरा म्हणजे ‘होम’. तिथे बॅटर उभा राहतो. तिथून चौकोनाच्या चार टोकांना चार मुक्काम: पहिला बेस, दुसरा बेस, तिसरा बेस आणि पुन्हा होम. दोन मुक्कामांमधलं अंतर ९० फूट. क्रिकेटच्या दोन्ही टोकांच्या यष्ट्यांमध्ये ६६ फूट असतात, त्याच्या दीडपटीला थोडं कमी. बेस म्हणजे जमिनीला पक्की बसवलेली पांढरी, चौकोनी उशी. हीच आपली डोंगरं. चारही मुक्काम करून घरी परतलं की एक धाव. तीन गडी बाद झाले की पाळी संपली. क्रिकेटसारखं दिवसभर चिकटून बसायची सोय नाही. पिचर साठ फूट सहा इंचांवरून चेंडू टाकतो, तोही टप्पा न पाडता, थेट. आणि बॅट गोल, मुसळासारखी. मारायचं कठीणच! इतकं कठीण की दहापैकी तीनदा ज्याला नीट फटका जमतो, तो चांगला खेळाडू समजतात. म्हणजे दहापैकी सातदा चुकणारा मुलगा तिथे पहिल्या नंबरात!

मग प्रश्न असा, की फटका बसला नाही तर पहिल्या डोंगरावर जायचंच नाही का?

माझ्या शेजारचे आजोबा पांढऱ्या मिशांचे, मांडीवर वही, कानावर पेन्सिल. वहीत ओळीने चौकोन आणि प्रत्येक चौकोनात चिमुकली शंकरपाळी काढलेली. प्रत्येक बॅटरची एक शंकरपाळी. तो पहिल्या बेसवर पोचला की ते एक बाजू ठळक करत आणि तो कसा पोचला ते शेजारी बारीक अक्षरांत लिहीत. मी भाचेबुवांना दुभाष्या केलं आणि आजोबांना विचारायला सुरुवात केली. शिक्षकाला शिक्षक भेटावा तसं झालं, आजोबा थांबेनातच.

दुसऱ्याच डावात एक बॅटर आला. चेंडू आला, त्याने बॅट हलवली नाही. दुसरा आला, नाही. चौथा, पाचवा. मग त्याने बॅट शांतपणे खाली टाकली आणि बाजारात निघाल्यासारखा चालत पहिल्या बेसवर जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, “अगंबाई, हा कुठे चालला?” आजोबांनी वहीत दोन अक्षरं लिहिली, ‘बीबी’.

याला म्हणतात ‘वॉक’. असं बघा, होमवरची पाटी १७ इंच रुंद असते. त्या रुंदीत आणि बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत हवेतली एक खिडकी आहे असं समजा. खिडकीतून चेंडू गेला आणि मारला नाही, तर तो ‘स्ट्राइक’. बॅट फिरवून हुकला तरी स्ट्राइक. असे तीन झाले की घरी. पण चेंडू खिडकीबाहेरून गेला आणि बॅटरने मोह आवरला, तर तो ‘बॉल’. असे चार बॉल झाले की पिचरला दंड म्हणून बॅटरला पहिला बेस मिळतो. कुणी धरायचं नाही, कुणी अडवायचं नाही. खिडकी दिसत मात्र नाही हं! चेंडू हातातून सुटल्यावर अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळात ठरवायचं असतं, हा आत येणार की बाहेर जाणार. जिभेवर लाडू ठेवून तोंड मिटायचं नाही, तसला संयम लागतो.

भाचेबुवा एकदम म्हणाले, “मी असाच जातो. नेहमी. फुकट.”

आजोबांना मी ते सांगितलं नाही, पण त्यांना चेहऱ्यावरून कळलं असावं. त्यांनी पेन्सिलीने उजव्या हाताच्या प्रेक्षकांकडे दाखवलं. हिरव्या खुर्च्यांच्या रांगांमध्ये एकच एक खुर्ची लाल आहे. ९ जून १९४६ रोजी टेड विल्यम्स नावाच्या खेळाडूने मारलेला चेंडू तिथे जाऊन पडला. ५०२ फूट! या मैदानावरचा सर्वांत लांब फटका म्हणून त्या खुर्चीची नोंद आहे. पण आजोबांना फटक्याबद्दल बोलायचं नव्हतं. ते म्हणाले, या विल्यम्सचा खरा मोठा विक्रम लाल खुर्चीचा नाहीच. फटका, वॉक आणि अंगावर चेंडू बसणं, असं सगळं धरून तो दर हजार वेळांपैकी ४८२ वेळा बेसवर पोचायचा. मोठ्या स्पर्धेत संपूर्ण कारकिर्दीचा हिशेब केला तर याच्या पुढे आजवर कुणी गेलेलं नाही. आणि आयुष्यात त्याने किती वॉक घेतले? २०२१!

इतका जबरदस्त फटकेबाज, पण खिडकीच्या बाहेरचा चेंडू असला की तो बॅट हलवत नसे. १९७० साली त्याचं फलंदाजीवर पुस्तक निघालं. त्यात त्याने ती हवेतली खिडकी ७७ चेंडूंच्या आकाराच्या भागांत वाटली होती आणि कुठल्या भागात आलेला चेंडू आपण किती यशाने मारू शकतो, हे प्रत्येक भागावर लिहिलं होतं. एखाद्या हुशार मुलाने अभ्यासाचं वेळापत्रक करावं तसं. १९४१ साली त्याची फटक्यांची सरासरी हजारात ४०६ होती, आणि बेसवर पोचण्याची हजारात ५५३. मधला हा फरक कशाचा? मुख्यतः न मारलेल्या चेंडूंचा! पण गंमत म्हणजे बेसवर पोचण्याची ही सरासरी अधिकृत आकडेवारीत धरायला १९८४ साल उजाडावं लागलं. तोवर वॉक घेणाऱ्याकडे फारसं कुणी कौतुकाने पाहत नव्हतं. आई-बाबांनो, तुम्हीही हे वाचत असलात तर माझ्या भाऊजींची आठवण ठेवा.

भाचेबुवांनी शेंगा खाणं थांबवलं होतं.

वॉकशिवाय आणखी कसकसं पोचता येतं, ते आजोबांनी त्या संध्याकाळी जसजसं घडेल तसतसं दाखवलं. एकाच्या मांडीला चेंडू सण्णकन लागला. “आई गं!” मीच ओरडले. तो चोळत चोळत पहिल्या बेसवर गेला. अंगाला चेंडू लागला की बेस मिळतो, मात्र चुकवायचा प्रयत्न करायला हवा, मुद्दाम आडवं यायचं नाही. एकदा चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातमोज्यातून निसटला आणि बॅटर सुखरूप पोचला. ही क्षेत्ररक्षकाची चूक, म्हणून ती त्याच्याच नावावर लिहिली गेली. बॅटर बेसवर आहे, पण त्याच्या सरासरीत त्याला काही श्रेय नाही. आजोबा इथे जरा कडक वाटले मला.

पळताना दोन नियम ध्यानात ठेवा. पहिला बेस ओलांडून सरळ पुढे धावत गेलं तरी चालतं, कुणी बाद करत नाही, फक्त दुसऱ्या बेसच्या दिशेने वळायचं नाही. म्हणून तिथे सगळे जीव खाऊन, न थांबता पळतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर ही सवलत नाही. तिथे पाय सुटला आणि चेंडूवाल्याने हात लावला की बाद. म्हणून तिथे मातीत घसरत येतात आणि घसरताना उशी धरून ठेवतात. आमच्या गावात असं घसरलं तर गुडघ्याची सालटी निघतील!

दुसरा नियम जरा डोकं लावायला लावणारा आहे. एका डोंगरावर दोघांना जागा नाही. समजा, पहिल्या बेसवर एक धावपटू उभा आहे आणि बॅटरने जमिनीलगत चेंडू मारला. बॅटर आता पहिल्या बेसकडे येणार, म्हणून आधीच्याला जागा सोडून दुसऱ्याकडे पळावंच लागतं. त्याचा मागचा डोंगर गेला! अशा वेळी त्याला हात लावायचीही गरज नसते. चेंडू हातात घेऊन दुसऱ्या बेसला पाय टेकला की तो बाद. पण मागून कुणी ढकलत नसेल, तो आपल्या खुशीने पुढे निघाला असेल, तर मात्र त्याला चेंडूसकट हात लावावा लागतो. सामना बघताना मला हे तीनदा चुकलं. चौथ्यांदा मी आजोबांच्या आधी “आउट!” म्हणाले, तेव्हा मागच्या रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या.

आणि हो, आपल्या खुशीने पुढे जाण्याचा सर्वांत धाडसी प्रकार म्हणजे बेस चोरणं. चोरी म्हटलं की शाळेत आम्ही रागावतो, पण इथे चोरीची जाहीर मोजणी होते! पिचर बॅटरकडे चेंडू टाकायला लागला, की पहिल्या बेसवरचा धावपटू दुसऱ्याकडे सुसाट सुटतो. पाठीमागचा कॅचर चेंडू झेलतो आणि चौकोनाच्या कर्णावरून थेट दुसऱ्या बेसकडे फेकतो. हे अंतर किती? आठवी-नववीतल्या ताई-दादांनी पायथागोरसच्या सिद्धान्ताने काढून बघावं. उत्तर १२७ फूट ३ इंचांहून किंचित जास्त यायला हवं. पिचरच्या हालचालीपासून चेंडू दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंत साधारण साडेतीन सेकंदही लागत नाहीत. एवढ्यात धावपटूने पोचायचं. म्हणून तो आधीच दहा-बारा फूट पुढे सरकून उभा असतो, खो-खोत खुंटाजवळ घुटमळणाऱ्या मुलासारखा. पिचरही कमी नसतो. तो बॅटरकडे टाकायचं सोडून अचानक पहिल्या बेसकडे फेकतो. धावपटू पोटावर उडी मारून परत!

या चोरीत सर्वांचा गुरू रिकी हेंडरसन. आयुष्यात त्याने १४०६ बेस चोरले, त्यांतले १३० एकट्या १९८२ साली. मधल्या काळात चोऱ्या कमी झाल्या होत्या. मग २०२३ साली नियम बदलले. बेसची उशी १५ इंचांची १८ इंच झाली. त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधलं अंतर साडेचार इंच घटलं. आणि पिचरने धावपटूकडे दोनदाच फेकायचं, तिसऱ्यांदा फेकून तो बाद झाला नाही तर धावपटूला पुढचा बेस बहाल. परिणाम काय झाला? मोठ्या स्पर्धेत २०२२ साली २४८६ बेस चोरले गेले होते, २०२३ साली ३५०३!

आजोबांनी मग वही मिटली. सातवा डाव चालू होता, लोक उभे राहून हातपाय मोकळे करत होते. त्यांनी पहिल्या बेसकडे बोट दाखवलं आणि मुलांना गोष्ट सांगावी तशी सांगायला लागले.

१७ ऑक्टोबर २००४. याच मैदानावरची रात्र. समोर न्यूयॉर्कचा यांकीज संघ. सात सामन्यांच्या मालिकेत बॉस्टन तीन सामने हरलेलं. चौथा हरलं की खेळ खलास. १९१८ नंतर बॉस्टनने एकदाही विजेतेपद मिळवलं नव्हतं, म्हणजे ८६ वर्षं. शेवटचा, नववा डाव. यांकीज ४, बॉस्टन ३. पिचर होता मारियानो रिवेरा, शेवटचा डाव संपवण्यात त्याच्यासारखा दुसरा नाही. पहिला बॅटर केविन मिलार. त्याने काय केलं? चार चेंडू सोडले आणि चालत पहिल्या बेसवर गेला.

वॉक! भाचेबुवा खुर्चीच्या टोकावर आले.

मिलार काही वेगवान नव्हता. म्हणून त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्स आला. तोवर तो बाकावर बसून होता, थंडीत. आता तो चोरी करणार हे पिचरला ठाऊक, कॅचरला ठाऊक, छपरावरच्या कबुतरालाही ठाऊक. रिवेराने पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. रॉबर्ट्स परत. पुन्हा फेकला. परत. तिसऱ्यांदा. पुन्हा परत, हाताने उशी गाठत. (आजचा नियम तेव्हा असता, तर या तिसऱ्या फेकीवर त्याला दुसरा बेस आयताच मिळाला असता!) मग रिवेराने बॅटरकडे पहिला चेंडू टाकला आणि रॉबर्ट्स सुटला. कॅचरची फेक चांगली होती. धुळीत हात, पाय, मोजा, उशी सगळं एकत्र. अंपायरने दोन्ही हात आडवे पसरले. सेफ!

पुढच्या बॅटरने, बिल म्युलरने, चेंडू मैदानाच्या मधून पिटाळला आणि दुसऱ्या बेसवरून रॉबर्ट्स घरी आला. ४-४. बाराव्या डावात, मध्यरात्र उलटल्यावर, डेव्हिड ऑर्टिझने चेंडू प्रेक्षकांत भिरकावला आणि बॉस्टन ६-४ जिंकलं. मग पुढचे तिन्ही सामने जिंकलं. मग अंतिम मालिकेतले चारही! तीन सामने मागे पडलेल्या संघाने मोठ्या स्पर्धेत सात सामन्यांची मालिका जिंकावी, असं तोवर कधी झालं नव्हतं. आणि रॉबर्ट्स? अंतिम मालिकेत त्याला एकदाही मैदानात उतरायला मिळालं नाही. पण बॉस्टनमध्ये आजही कुणालाही विचारा.

“त्या रात्री मी घरी टीव्हीवर बघत होतो आणि तिसऱ्या फेकीला डोळे मिटून घेतले,” आजोबा म्हणाले. “चोरी मी पाहिलीच नाही. नुसती ऐकली.” मग भाचेबुवांकडे वळून त्यांनी विचारलं, “रॉबर्ट्सचं नाव सगळे घेतात. पण तो पळाला कुणाच्या जागी?”

“मिलार,” भाचेबुवा म्हणाले. मग हळूच, “वॉक.”

आजोबांनी त्याला वहीचं एक कोरं पान फाडून दिलं.

सामना कोण जिंकलं ते विचारू नका. बॉस्टन हरलं, आणि परतीच्या गाडीत मला झोप लागली.

पुढच्या शनिवारी सकाळी भाचेबुवांचा सामना होता. मुलांच्या मैदानात बेस ६० फुटांवर असतात, आणि पिचरने टाकलेला चेंडू बॅटरपर्यंत पोचल्याशिवाय धावपटूने बेस सोडायचा नसतो. म्हणजे रॉबर्ट्ससारखं पुढे सरकून उभं राहणं नाही. मी ते कोरं पान आणि पेन्सिल घेऊन बसले होते. भाऊजींना ताईने ओरडायला मनाई केली होती, ते कुंपण धरून उभे होते, ओठ घट्ट मिटून. बिचारे!

पहिल्या वेळी भाचेबुवांना वॉक मिळाला. मी ‘बीबी’ लिहिलं. दुसऱ्या वेळी दोन गडी बाद होते. दोन स्ट्राइक झाले. तिसरा चेंडू आला, खाली, अगदी मातीत जाणारा. सोडायचा होता. पण त्याने बॅट फिरवली, अशी जोरात, की स्वतःच गिरकी घेतली. चेंडू लागला नाही. तीन स्ट्राइक. भाऊजींनी मान खाली घातली.

पण चेंडू टप्पा पडून कॅचरच्या पायाखालून मागे गेला होता. आता इथे बेसबॉलमधला एक विलक्षण नियम आहे. तिसरा स्ट्राइक कॅचरने नीट झेलला नाही आणि पहिला बेस रिकामा असेल, किंवा दोन गडी आधीच बाद झालेले असतील, तर बॅटर अजून बाद नाही! तो पळू शकतो. त्याला हात लावेपर्यंत किंवा पहिल्या बेसवर चेंडू पोचेपर्यंत तो जिवंत. (पहिल्या बेसवर कुणी असताना हा नियम का नाही, सांगा बघू? कॅचर लबाडीने मुद्दाम चेंडू पाडील आणि एका डोंगरावरच्या दोघांनाही बाद करील, म्हणून.)

त्याच्या लक्षातच नव्हतं. तो बाकाकडे वळला होता. मला इंग्रजी सुचेना. मी उठून मराठीत ओरडले, “अरे पळ! डोंगर! डोंगर!” आणि हे पोर पळालं हो. शिरस्त्राण डोळ्यांवर आलेलं, बूट मातीत आपटत. कॅचरने चेंडू शोधला, फेकला. भाचेबुवांचा पाय उशीवर पडला आणि ते तसेच दहा पावलं पुढे धावत गेले, नियमाप्रमाणे, सरळ. अंपायरचे हात आडवे.

पुढच्या बॅटरचा चेंडू थेट दुसऱ्या बेसजवळच्या मुलाच्या हातात गेला, त्याने बेसला पाय टेकवला आणि भाचेबुवा बाद झाले. मागचा डोंगर गेला होता ना! धाव झाली नाही. पण तो कुंपणाजवळ आला तो धापा टाकत. “मावशी, काय लिहिलंस?” मी पान दाखवलं. बाद झाल्याची खूण आणि तरीही शंकरपाळीची एक बाजू ठळक. त्याने ती पेन्सिल घेऊन आणखी ठळक केली.

निघताना त्याने मला एक जुना चेंडू दिला, लाल टाके घातलेला. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पावसाने उघडीप दिली तेव्हा आम्ही रेशनची चार रिकामी पोती वाळूने अर्धी भरली आणि मैदानात टाकली. खरा चेंडू कडक असतो, म्हणून तो कपाटात ठेवलाय. खेळायला रबरी चेंडू आणि धुणं धुवायचं जुनं धोपाटणं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी दे दणादण धोपाटणं फिरवलं. मग चौथीतली एक मुलगी आली. पहिला चेंडू डोक्यावरून गेला, ती हलली नाही. दुसरा पायाशी आला. सगळा वर्ग ओरडत होता, “मार की गं! मार की!” तिसरा. चौथा. तिने धोपाटणं खाली ठेवलं, परकर झटकला, चालत गेली आणि पहिल्या पोत्यावर चढून उभी राहिली.